पुडी आणि चिठ्ठी: ध्रुवीय मॉस आणि लायकेनची नोंदवही कशी तयार होते

सुरुवात आपण स्वयंपाकघरातून करू. येताना आम्ही वाण्याकडून दगडफुलाची एक पुडी आणली आहे. पहिल्या रांगेतून ती मागे जाऊ द्या. हातात घ्या, वास घ्या. गोड्या मसाल्यात आपण हे घालतो. काळपट करडं, जळक्या कागदाच्या कपट्यासारखं दिसणारं. नावात फूल असलं तरी हे फूल नाही, आणि काटेकोर बोलायचं तर ही एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून तयार झालेली ही रचना आहे. तिला लायकेन म्हणतात, मराठीत शैवाक असाही शब्द आहे.

आता एक साधा प्रश्न. या पुडीतलं दगडफूल आलं कुठून? कुठल्या डोंगरावरचं, झाडाच्या सालीवरचं की खडकावरचं, कोणत्या महिन्यात काढलेलं? वाण्याला माहीत नाही. त्याला ज्यानं विकलं त्यालाही बहुधा माहीत नसेल. शिवाय नीट पाहिलंत तर एकाच पुडीत दोन-तीन वेगवेगळ्या जाती निघतील. मसाल्याला हे चालतं, चव बिघडत नाही.

पडद्यावर आता दुसऱ्या पुडीचं चित्र आहे. हीसुद्धा कागदाचीच, घडी घातलेली. आत मूठभर वाळलेलं मॉस. फरक एवढाच की हिच्यावर एक चिठ्ठी आहे: कुठे, कधी, कोणी, कशावर. आज आपण बोलणार आहोत ते या चिठ्ठीबद्दल. मॉस आणि लायकेन पृथ्वीच्या दोन टोकांचे असतील, पण मुद्दा वाण्याच्या पुडीपासूनच सुरू होतो. चिठ्ठी गेली, की अंटार्क्टिकाहून आणलेली पुडीसुद्धा फक्त वाळका पाला उरते.

तिथे उगवतं तरी काय?

अंटार्क्टिका म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ आणि पेंग्विन येतात. झाडं नाहीत, झुडपंही नाहीत. स्थानिक म्हणाव्यात अशा सपुष्प वनस्पती अवघ्या दोन आहेत. एक गवत, डेशाम्प्सिया अंटार्क्टिका. दुसरी उशीसारखी वाढणारी छोटी वनस्पती, कोलोबँथस क्विटेन्सिस. बाकी सगळा हिरवा संसार मॉस, लिव्हरवर्ट, लायकेन आणि शैवालांचा. मॉस म्हणजे पावसाळ्यात आपल्या भिंतींवर आणि कौलांवर जी हिरवी मखमल उगवते, ती. आपण तिलाही शेवाळ म्हणतो आणि विहिरीतल्या शैवालालाही शेवाळच म्हणतो, म्हणून आज आम्ही मॉस हाच शब्द वापरू.

अंटार्क्टिकातल्या मॉसच्या जाती सुमारे ११० आहेत. २००८ साली रिशार्ड ओखिरा, रोनाल्ड लुईस स्मिथ आणि हालिना बेदनारेक-ओखिरा यांनी त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. लायकेनच्या जाती याहून कितीतरी जास्त, काहीशेंच्या घरात. हे ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या टेबलावर होत्या त्या पुड्याच. केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये ५०,००० हून जास्त नमुने आहेत. जगभरच्या हर्बेरियमना आंतरराष्ट्रीय सूचीत एकेक लघुनाम असतं, त्याचं आहे एएएस. संशोधक निबंधात नमुन्यापुढे ही तीन अक्षरं आणि क्रमांक लिहितो. मग जगातला कुणीही विचारू शकतो, 'ती पुडी मला बघायला मिळेल का?'

पुडीच का?

शाळेत आपण पानं-फुलं वर्तमानपत्रात दाबून वाळवली, कागदावर चिकटवली. मॉस आणि लायकेनला हे मानवत नाही. ती दाबली तर पानांची ठेवण, फांद्यांचा आकार, बीजाणूंची बोंडं सगळं चेपतं. म्हणून त्यांना हवेवर वाळवतात आणि घडीच्या पुडीत ठेवतात. मॉसची गंमत अशी, की पन्नास वर्षांपूर्वीच्या वाळक्या फांदीवर पाण्याचा थेंब टाकला की बहुतेक वेळा पानं पुन्हा उलगडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजता येतात. लायकेनच्या बाबतीत रसायनं मदतीला येतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा किंवा साध्या ब्लीचचा थेंब टाकला की काही जातींत रंग पिवळा किंवा लाल होतो, काहींत काहीच होत नाही. त्यावरून सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करता येतात.

पुडीचे शत्रू दोन: दमटपणा आणि किडे. पूर्वी आपल्याकडे डांबराच्या गोळ्या ठेवत, काही ठिकाणी नमुन्यांना पाऱ्याच्या विषारी क्षाराचा हात देत. आता बऱ्याच ठिकाणी पुड्या काही दिवस उणे तीस अंशांच्या आसपास गोठवतात, म्हणजे किडे मरतात. अंटार्क्टिकाच्या मॉसला तेवढी थंडी नवी नाही.

चिठ्ठी वाचायची कशी?

आता खरं काम. समजा, कपाटातून १९६०च्या दशकातली एक पुडी काढली. संगणकात तिची नोंद करायची आहे. वाटतं, पाच मिनिटांचं काम. चिठ्ठीवरचं बघून टाइप करायचं. पण चार जागी अडखळायला होतं.

पहिली जागा, तारीख. लिहिलंय ५/१/६३. इंग्रजी पद्धतीनं ५ जानेवारी, अमेरिकी पद्धतीनं १ मे. आपल्याला वाटेल, चार महिन्यांनी काय फरक पडतो? दक्षिण ध्रुवाकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. बोटीसुद्धा बहुधा परतलेल्या असतात. म्हणून चिठ्ठी लिहिणारा कोण, कोणत्या मोहिमेतला, हे आधी बघावं लागतं. मोहिमेचा हंगामही दोन वर्षांत विभागलेला, नोव्हेंबर एका साली, फेब्रुवारी दुसऱ्या साली. 'हंगाम १९६३' एवढंच लिहिलेलं असेल तर ते सुरुवातीचं वर्ष की शेवटचं, हा प्रश्न उरतो.

दुसरी जागा, ठिकाण. अंटार्क्टिकात गावं नाहीत, टपाल नाही, पण नावं उदंड आहेत. प्रत्येक देशानं आपापली ठेवली. दक्षिण शेटलंड द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट घ्या. इंग्रजी नकाशात ते किंग जॉर्ज बेट. अर्जेंटिनाच्या नकाशात २५ मे बेट. रशियन नकाशात वॉटर्लू. पुड्या तीन, नावं तीन, बेट एकच. ज्याला हे माहीत नाही तो एका बेटाची तीन बेटं करून ठेवील. ध्रुवाकडून दक्षिण अमेरिकेकडे निघालेला तो लांब द्वीपकल्प आठवा. ब्रिटिश त्याला ग्रॅहम लँड म्हणत, अमेरिकी पामर द्वीपकल्प. १९६४ साली दोघांनी मिळून 'अंटार्क्टिक द्वीपकल्प' हे नाव मान्य केलं. चिली आणि अर्जेंटिना यांची स्वतःची नावं आहेतच. हा गुंता सुटावा म्हणून अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं, म्हणजे स्कारनं, सगळ्या देशांच्या नावांची एकत्र सूची केली आहे. नोंद करणाऱ्याच्या शेजारी ती सतत उघडी असते.

तिसरी जागा, जातीचं नाव. चिठ्ठीवर आहे ड्रेपॅनोक्लॅडस अन्सिनॅटस. आजच्या पुस्तकात हे नाव सापडणार नाही, आज त्याला सॅनिओनिया अन्सिनाटा म्हणतात. ग्रिमिया अंटार्क्टिसी आता शिस्टिडियम अंटार्क्टिसी झालं. लग्नानंतर सासरी नाव बदलत, तसं हे. माणूस तोच, पण जुन्या शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव. तर मग नोंदीत कोणतं लिहायचं? दोन्ही. जुनं नाव चिठ्ठीवर आहे तसं, आणि आजचं नाव वेगळ्या रकान्यात.

चौथी जागा, पुडीच्या आत. चिठ्ठीवर एक नाव, पण मॉसच्या गादीत लिव्हरवर्टच्या दोन काड्या आणि वर पसरलेलं लायकेन. जमा करणाऱ्याचं लक्ष मॉसकडे होतं, बाकीचे नकळत बरोबर आले. नोंद करणाऱ्यानं उघडून पाहिलं नाही, तर ते पन्नास वर्षं होते तसेच अज्ञातवासात राहतील.

खोडायचं नाही

या चारही ठिकाणी एक नियम पाळायचा असतो. नवीन मंडळी कामाला आली की आम्ही तो पहिल्या दिवशी सांगतो: मूळ चिठ्ठी खोडायची नाही. चूक आहे असं शंभर टक्के वाटलं, तरी नाही. एखाद्या तज्ज्ञानं नमुना पुन्हा तपासला आणि त्याला नाव वेगळं वाटलं, तर तो जुन्या चिठ्ठीशेजारी स्वतःची छोटी चिठ्ठी लावतो: नवं नाव, स्वतःचं नाव, तारीख. काही पुड्यांवर अशा तीन-चार चिठ्ठ्या असतात. पुढचा माणूस त्या वाचून कोण कधी काय म्हणालं ते सांगू शकतो.

संगणकातही तेच. 'चिठ्ठीवर अक्षरशः काय लिहिलंय' याचा रकाना वेगळा, 'आम्ही त्याचा अर्थ काय लावला' याचा वेगळा. डार्विन कोअर नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात अशा रकान्यांची नावं ठरवून दिली आहेत. त्यामुळे केंब्रिजची नोंद आणि लखनौची नोंद एकमेकांशी जुळवता येते, आणि कोपनहेगनमध्ये मुख्यालय असलेल्या जीबीआयएफ या जागतिक माहितीकोशात दोन्ही एका नकाशावर दिसतात.

या नियमाचं महत्त्व आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका संग्रहाचं काम करताना आमच्यापैकी एकानं फार उत्साहानं जुनी गावंठिकाणं 'दुरुस्त' केली आणि मूळ मजकूर टाइपच केला नाही. काही महिन्यांनी कळलं, की एक दुरुस्ती चुकली होती, दोन खाड्यांची नावं सारखी होती. पण कोणत्या पुड्यांना ती लागू केली होती, हे आता संगणकावरून समजेना. एकेक पुडी पुन्हा उघडावी लागली. सुदैवानं पुड्यांवरच्या चिठ्ठ्या शाबूत होत्या. तो कागद वाचला म्हणून आम्ही वाचलो.

एका उणे चिन्हाची गोष्ट

अक्षांश-रेखांश लिहिताना दक्षिण आणि पश्चिम बाजूंना उणे चिन्ह देतात. किंग जॉर्ज बेट साधारण ६२ अंश दक्षिण, ५८ अंश पश्चिम. आता अक्षांशाचं उणे चिन्ह टाइप करायचं राहिलं, असं समजू. नकाशावर ठिपका उमटेल ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या समुद्रात. समुद्रात मॉस! कुणाच्याही लक्षात येईल, चूक सुधारली जाईल.

पण दोन्ही उणे चिन्हं राहिली तर? ठिपका पडेल रशियात, उरल पर्वताच्या बाजूला, जमिनीवर. आणि मघाचं सॅनिओनिया अन्सिनाटा हे दोन्ही ध्रुवांकडे उगवतं. अंटार्क्टिकात आहे, स्वालबार्डमध्ये आहे, उत्तरेच्या थंड प्रदेशात सर्रास आहे. उरलमध्ये ते दिसलं तर कुणालाच खटकणार नाही. संगणकालाही नाही. चूक बिनबोभाट खपून जाईल आणि अंटार्क्टिकाची एक नोंद कमी होईल. ढळढळीत चूक पकडली जाते, पटण्यासारखी चूक टिकते. म्हणून प्रत्येक ठिपका कुणीतरी मूळ चिठ्ठीशी ताडून बघावा लागतो.

नेमकं ठिकाण माहीत नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं. चिठ्ठीवर नुसतं 'दक्षिण शेटलंड' असेल, तर तो द्वीपसमूह सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला आहे. त्याच्या मधोमध एक टोकदार ठिपका मारणं म्हणजे जे माहीत नाही ते माहीत असल्याचा आव आणणं. अशा वेळी ठिपक्यासोबत त्रिज्या लिहितात: यापासून इतक्या किलोमीटरच्या आत कुठेतरी.

हा खटाटोप कशासाठी?

६ जानेवारी १८४३. जेम्स क्लार्क रॉस यांच्या मोहिमेतला पंचविशीतला जोसेफ डाल्टन हूकर अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या कॉकबर्न बेटावर उतरला आणि त्यानं तिथली मॉस आणि लायकेन गोळा केली. हाच हूकर पुढे हिमालयात आला आणि 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ त्यानंच सिद्ध केला. त्याच्या त्या अंटार्क्टिक नमुन्यांवर ठिकाण आणि काळ आहे, म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतर आपण 'तेव्हा तिथे हे होतं' असं म्हणू शकतो.

हे म्हणता येणं आज फार गरजेचं झालं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहचित्रांवरून अंटार्क्टिक द्वीपकल्पावरची हिरवळ मोजली. १९८६ मध्ये ती एक चौरस किलोमीटरपेक्षाही कमी होती, २०२१ मध्ये जवळजवळ १२. उपग्रह सांगतो, हिरवं वाढलं. पण हिरवं म्हणजे कोण? जुनीच जात पसरली की नवी आली? ते आकाशातून दिसत नाही. त्यासाठी जमिनीवरची पुडी आणि पूर्वीची पुडी शेजारी ठेवावी लागते.

पूर्व अंटार्क्टिकातली हकिगत वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाच्या केसी तळाजवळ विंडमिल बेटांवर संशोधकांनी ठरावीक जागांवर पुन्हा पुन्हा पाहणी केली. २०१८ साली त्यांनी मांडलं, की तो भाग कोरडा होत चालला आहे आणि पाण्यावर जास्त अवलंबून असलेलं शिस्टिडियम अंटार्क्टिसी मागे हटून कोरडेपणा सोसणाऱ्या इतर जाती त्याची जागा घेत आहेत. बघा, इथे एकूण हिरव्यात फार फरक दिसणारही नाही. बदल जातींचा आहे. जात चुकीची लिहिली तर हा बदल दिसणारच नाही.

आणि पाहुणे! पोआ अ‍ॅनुआ हे जगभर आढळणारं साधं तण किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ १९८५-८६ च्या उन्हाळ्यात दिसलं. माणसांच्या बुटांतून, सामानातून असं बी जातं. 'हे आधी नव्हतं' हे ठामपणे सांगायला आधीच्या काळातले, त्याच परिसरातले संग्रह हाताशी लागतात. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या पुड्यांत एखादी जात नाही, म्हणजे ती तिथे नव्हतीच असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ तळाच्या आसपास, चालत जाता येईल तिथे जास्त गोळा करतो. त्यामुळे मॉसचा नकाशा काही अंशी माणसांच्या पायवाटांचा नकाशा असतो. कोणत्या दिवशी कोण कुठवर गेलं, हे नोंदलेलं असेल तरच हा दोष ओळखता येतो.

काही नमुने पुन्हा मिळणारच नाहीत. डिसेप्शन बेटावर १९६७, १९६९ आणि १९७० साली ज्वालामुखीचे उद्रेक झाले, काही जागा राखेखाली गेल्या. शिवाय १९९१ च्या माद्रिद करारानंतर तिथली झाडं-झुडपं नव्हे, चिमूटभर मॉस काढायलाही परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. अतिकोरड्या भागात काही लायकेन शंभर वर्षांत एक सेंटिमीटरसुद्धा वाढत नाहीत. जे आधीच काढून आणलंय, त्याची नीट नोंद ठेवणं हे त्यामुळे आपलं देणं लागतं.

आपल्याकडे

हे सगळं लांबचं वाटत असेल, पण त्याचा एक पत्ता आपल्या शेजारी आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा १९८१ पासून सुरू आहेत आणि त्यांचं सूत्रचालन आज गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं. मैत्री तळ शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त पट्ट्यात, भारती तळ लार्समन टेकड्यांत, आणि उत्तरेला स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री. शिर्माकरच्या लायकेनवर मारिया ओलेख आणि शिव मोहन सिंग यांचा ग्रंथ २०१० साली गोव्याच्या याच केंद्रानं काढला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्येही भारतीय मोहिमांतली लायकेन आहेत. अंटार्क्टिकाची नसली, तरी लायकेनची मोठी परंपरा पुण्यातही आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये बुरशींबरोबर लायकेनचाही मोठा संग्रह आहे.

भारती तळाजवळ २०१६-१७ च्या मोहिमेत गोळा केलेलं एक मॉस २०२१ साली ब्रायम भारतीएन्सिस या नावानं नवी जात म्हणून प्रसिद्ध झालं. मधली वर्षं तपासणीत आणि तुलनेत गेली. नवी जात मांडली, की काम संपत नाही. जगभरचे तज्ज्ञ ते ताडून बघणार, काही मान्य करतील, काही शंका घेतील. हा वाद कशावर होतो? ज्या नमुन्यावरून नाव दिलं, त्या पुडीवर. म्हणून नाव देताना मूळ नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये, कोणत्या क्रमांकानं ठेवला, हे सांगावंच लागतं.

प्रश्नोत्तरांतून

*आता सगळ्याचे फोटो काढता येतात, डीएनएही तपासता येतो. मग पुडी कशाला सांभाळायची?*

फोटोत पेशी दिसत नाहीत, त्यावर ब्लीचचा थेंब टाकता येत नाही. डीएनए काढायलाही तुकडा पुडीतूनच घ्यावा लागतो. आणि हूकरच्या काळात डीएनए हा शब्दही नव्हता, तरी त्यानं ठेवलेल्या नमुन्याला आज नवे प्रश्न विचारता येतात. उद्या काय विचारलं जाईल ते आपल्यालाही माहीत नाही.

*आम्ही सामान्य माणसांनी काय करावं?*

चिठ्ठीवरचं अक्षर वाचून टाइप करण्याचं काम कितीतरी संग्रहांना हवं असतं. जुनी वळणदार इंग्रजी लिपी वाचता येणारे निवृत्त शिक्षक यात फार उपयोगी पडतात. आणि घरी एक करा. सह्याद्रीत फिरताना कधी काही उचललंत, एखादं बी, एखादा दगड, तर त्याच संध्याकाळी कागदाचा चिटोरा लावा. कुठे, कधी, कोणी, कशावर.

मघाची दगडफुलाची पुडी मागपर्यंत पोचली ना? ती घरी न्या कुणीतरी, मसाल्यात घाला. तिच्यावर चिठ्ठी नाही, त्यामुळे तिचा दुसरा काही उपयोग आम्हाला करता येणार नाही.